यंत्रांतर : लिनक्सच्या इतिहासातील एक प्रकरण

संगणकाचा सर्व कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टीम ज्या यंत्रासाठी रचली, त्याहून भिन्न यंत्रावर नेणे, या क्रियेस आपण सोयीसाठी ‘यंत्रांतर’ म्हणू. यंत्रांतरातील मुख्य अडचण यंत्राच्या वेगळेपणाची असते, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास पाहता खरा अडसर यंत्राविषयीच्या ज्ञानाच्या अभावाचा दिसतो. हे दाखविणे एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

युनिक्स प्रणालीचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. १९७३ साली तिचा गाभा सी या उच्चस्तरीय भाषेत पुन्हा लिहिला गेला आणि विशिष्ट यंत्राशी असलेले तिचे नाते सैल झाले. पुढे १९७७ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी ती इंटरडेटा ७/३२ या यंत्रावर नेली, तर बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन जॉन्सन व डेनिस रिची यांनी इंटरडेटा ८/३२ वर. यंत्रे परकी होती खरी. परंतु त्यांचे वर्णन उपलब्ध होते.

लिनक्सचा आरंभ याच्या उलट झाला. १९९१ साली हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स यांनी ती इंटेल ३८६ साठी लिहिली, व ती अन्यत्र नेण्याजोगी नाही असे स्वतःच सांगून टाकले. तथापि मूळ संहिता सर्वांस खुली असल्यामुळे मार्च १९९५ च्या १.२ या आवृत्तीत अल्फा, स्पार्क व मिप्स या भिन्न कुळांतील प्रोसेसरांनाही स्थान मिळाले.

खरी कसोटी नोव्हेंबर २०२० मध्ये आली. ॲपलच्या एम-१ चिपचा आज्ञासंच आर्म या परिचित कुळातला. म्हणजे शब्दसंग्रह ओळखीचा. पण उपकरणांचे इशारे प्रोसेसरकडे पोचविणारा नियंत्रक ॲपलचा स्वतःचा. म्हणजे व्याकरण अनोळखी. परकी प्रणाली सुरू करण्याची वाट कंपनीने मोकळी ठेवली होती. हार्डवेअरचे वर्णन मात्र प्रसिद्ध केले नव्हते. हेक्टर मार्टिन यांनी आरंभिलेल्या ‘असाही लिनक्स’ प्रकल्पाने निराळा मार्ग काढला. ॲपलचीच प्रणाली एका छोट्या आज्ञावलीच्या देखरेखीखाली चालवून ती हार्डवेअरच्या कोणत्या पत्त्यावर काय लिहिते याची नोंद घेतली, आणि त्यावरून नियम बसविले. मार्च २०२२ मध्ये पहिली चाचणी-आवृत्ती आली. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स चालक सार्वजनिक झाला. ‘असाही’ हे मॅकिंतॉश जातीच्या सफरचंदाचे जपानी नाव, हा श्लेषही लक्षणीय आहे.

भाषाभ्यासकास येथे १९५२ सालचे मायकेल व्हेंट्रिस यांचे ‘लिनिअर बी’ लिपीचे वाचन आठवल्यावाचून राहत नाही. त्यांच्याही हाती द्वैभाषिक लेख नव्हता. परंतु साम्य येथेच संपते. व्हेंट्रिसपुढील लेखनिक तीन सहस्रकांपूर्वीच मौन झाले होते. येथे लेखनिक हयात आहेत, आणि त्यांचे मौन हा त्यांचा निर्णय आहे.

या मौनाचे मोल स्वयंसेवकांच्या श्रमाने चुकविले जाते, आणि चिपची नवी पिढी आली की वाचनाचा काही भाग पुन्हा करावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्टिन प्रकल्पाच्या नेतृत्वातून निवृत्त झाले. तथापि वाचनाची फलिते खुल्या संहितेत नोंदलेली असल्यामुळे काम इतरांना पुढे चालविता आले. यंत्र विकत घेता येते. त्याचे ज्ञान मात्र सामायिक असेल तरच टिकते, असा निष्कर्ष काढण्यास प्रत्यवाय नसावा.