अक्षरओळखीनंतरची पेटी
कवळाण्याहून १८७५ साली दत्तक आलेल्या, बारा वर्षांच्या सयाजीरावांना अक्षरओळख नव्हती. त्याच राजाने १८९३मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण करून पाहिलं नि १९०६मध्ये ते बडोदा राज्यभर नेलं. आपलं कौतुक बहुधा इथंच थांबतं. मला पुढचं काम जास्त मोलाचं वाटतं. घरात पुस्तक नसेल तर शाळा सुटल्यावर मुलाचं वाचन गंजतं (इंजिनिअरचा शब्द, चालवून घ्या). १९१०मध्ये अमेरिकी ग्रंथपाल बोर्डन बडोद्यात आले. गावोगाव वाचनालयं निघाली, शिवाय पुस्तकांच्या लाकडी पेट्या राज्यभर फिरू लागल्या. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे काचेचे मजले पाहुण्यांना आपण हौसेने दाखवतो, पेट्यांचं नावही काढत नाही. कोणाच्या गावी, शाळेच्या माळ्यावर अशी पेटी उरली असेल तर मंडळाला जरूर कळवा.