४,१९२ गाड्यांचा हिशेब

विजेवरच्या मोटारींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: १९०० साली अमेरिकेच्या रस्त्यांवर दर तीन मोटारींमागे एक विजेवर धावत होती. इतक्या ठिकाणी वाचल्यावर ते खरं वाटू लागतं. म्हणूनच त्याचा माग काढायला हवा.

माग जातो अमेरिकेच्या बाराव्या जनगणनेपर्यंत. १९०० च्या या जनगणनेत माणसांसोबत कारखान्यांचीही मोजणी झाली. त्यातून मोटारींचा आकडा मिळतो ४,१९२. वाफेवरच्या १,६८१, विजेवरच्या १,५७५ आणि पेट्रोलवरच्या ९३६. बेरीज जुळते. विजेचा वाटा येतो ३७.६ टक्के, आणि ‘तिनात एक’ इथूनच निघालं असावं असं मला वाटतं. पण कारखानदारांना विचारलेला प्रश्न वेगळा होता: वर्षभरात किती गाड्या बांधल्या? रस्त्यावर किती धावतात, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पुढे सांख्यिकीच्या तक्त्यांमध्ये हाच ४,१९२ चा आकडा कुठे १८९९ चं उत्पादन म्हणून येतो, तर कुठे १९०० सालची कारखान्यांतून झालेली विक्री म्हणून. आकडा तोच राहिला. त्याचं वर्ष बदललं आणि अर्थही.

रस्त्यावरच्या गाड्या मोजायच्या तर नोंदवही हवी. गाडीची नोंदणी सक्तीची करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य न्यू यॉर्क, तेही १९०१ मध्ये. त्या वर्षी ९५४ गाड्या नोंदल्या गेल्या. सरकार क्रमांक देत नसे. मालकाने आपल्या नावाची आद्याक्षरं गाडीच्या मागे लावायची, एवढाच नियम. मग कुणी चामड्याच्या तुकड्यावर धातूची अक्षरं ठोकून घेई. जनगणनेच्या वेळी तर एवढीही व्यवस्था नव्हती. देशभरच्या गाड्यांची इंधनवार यादी मग कुठून असणार?

त्या १,५७५ गाड्या कोणत्या, हेही पाहायला हवं. न्यू यॉर्क शहरात १८९७ पासून विजेवरच्या भाड्याच्या गाड्या धावत होत्या. ब्रॉडवेवरच्या तळावर गाडी आत आली की अर्ध्या टनाहून जड बॅटरी यंत्राने बाहेर ओढली जाई, भरलेली आत सरकवली जाई आणि गाडी पुन्हा भाड्याला निघे. १८९९ मध्ये विल्यम व्हिटनी या भांडवलदाराच्या गटाने हा धंदा हाती घेतला, हजारो गाड्यांच्या घोषणा झाल्या आणि त्या बांधायचं काम हार्टफर्ड शहरातल्या पोप या कारखानदाराकडे आलं. जनगणनेचं वर्ष नेमकं या तेजीचं. तेव्हा त्या आकड्याकडे घरोघरच्या पसंतीचा कौल म्हणून पाहणं मला धोक्याचं वाटतं.

यापुढचा तक्ता मला सगळ्यात मोलाचा वाटतो. १९०४ च्या उत्पादनाची मोजणी झाली तेव्हा पेट्रोलच्या १८,६९९, वाफेच्या १,५६८ आणि विजेच्या १,४२५ गाड्या निघाल्या. विजेचा वाटा अडतीसवरून साडेसहा टक्क्यांवर आला. याला सर्रास ‘पडझड’ म्हटलं जातं. पण विजेच्या गाड्या घटल्या त्या फक्त १५०. पेट्रोलच्या मात्र पाच वर्षांत वीसपट झाल्या. अंश जागच्या जागी राहिला आणि छेद फुगला. १९०९ मध्ये विजेच्या ३,८२६ गाड्या बांधल्या गेल्या, म्हणजे १८९९ च्या जवळजवळ अडीचपट, तरी वाटा जेमतेम तीन टक्के! विजेच्या गाडीचा बहर १९०० च्या सुमारास ओसरला, असं लिहिणारा टक्क्यांच्या रकान्यात पाहत असतो. शेजारच्या संख्येच्या रकान्यात तीच गाडी १९०९ मध्येही वाढताना दिसते.

आजही दोन रकाने असेच एकमेकांत मिसळले जातात. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के विजेवरच्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्या सुमारे २८ लाख नोंदणीकृत मोटारींचा हिशेब प्रसिद्ध झाला: विजेवरच्या ७,५४,३०३, पेट्रोलच्या ७,५३,९०५. पेट्रोलपेक्षा विजेच्या गाड्या ३९८ ने जास्त, आणि डिझेलच्या तेव्हा या दोन्हींपेक्षा अधिक. पहिला आकडा वर्षभराच्या विक्रीचा, दुसरा रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांचा. १९०० च्या अमेरिकेबद्दल आपल्या हाती आहे तो पहिल्या जातीचा आकडा. दुसरा तेव्हा कुणी मोजलाच नव्हता.