ओठांवर बोट ठेवलेली मूर्ती

रोल्स-रॉइसच्या बॉनेटवर झेपावणारी चंदेरी आकृती बहुतेकांनी पाहिलेली असते. तिच्यामागची स्त्री मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते.

आरंभीच्या मोटारींत रेडिएटरचे झाकण बॉनेटच्या टोकाशी उघड्यावर असे. हौशी मालक त्यावर बाहुल्या, प्राणी, वाटेल ते बसवीत. आपल्या देखण्या गाड्यांची ही 'शोभा' कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांना पाहवेना. १९११ साली त्यांनी शिल्पकार चार्ल्स साइक्स यांच्याकडून 'स्पिरिट ऑफ एक्स्टसी' घडवून घेतली: पुढे झुकलेला देह, मागे ताणलेले बाहू, वाऱ्याने पंखांसारखी फुललेली वस्त्रे. गाडी उभी असली तरी ती वेगात भासते.

त्यापूर्वी साइक्स यांनी लॉर्ड माँटेग्यू यांच्या गाडीसाठी ओठांवर बोट ठेवलेली 'द व्हिस्पर' ही मूर्ती केली होती. दोन्ही मूर्ती माँटेग्यूंच्या सचिव एलिनॉर थॉर्नटन यांच्यावरून घडवल्या, असे मानले जाते. माँटेग्यू विवाहित होते. एलिनॉर यांच्याशी जडलेल्या त्यांच्या प्रेमाला आणि त्यातून जन्मलेल्या मुलीला समाजात स्थान नव्हते. ओठांवरचे ते बोट उगाच नव्हते!

महायुद्धात माँटेग्यू हिंदुस्थान सरकारचे मोटारवाहतूक सल्लागार झाले. १९१५ च्या डिसेंबरात ते मुंबईकडे जाणाऱ्या 'पर्शिया' बोटीवर होते. एलिनॉर सोबत होत्या. ३० डिसेंबरला क्रीट बेटाच्या दक्षिणेस जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि बोट काही मिनिटांतच बुडाली. तीनशेहून अधिक माणसे गेली. एलिनॉरही गेल्या. माँटेग्यू वाचले, मायदेशी परतल्यावर त्यांना स्वतःचेच मृत्युलेख वाचायला मिळाले.