आर्केड कॅबिनेटची संरक्षक काच

आर्केड कॅबिनेटची संरक्षक काच म्हणजे व्हिडिओ गेमच्या उभ्या पेटीत चित्रपडद्याच्या पुढे बसवलेले पारदर्शक तावदान. ‘काच’ हा शब्द येथे सैलपणे वापरला जातो. प्रत्यक्षात हे तावदान काचेचे, ॲक्रिलिकचे किंवा पॉलिकार्बोनेटचे असते. कारखान्यात तयार झालेल्या यंत्रात ते ठरावीक मापाचे येते. घरी प्लायवूड किंवा एमडीएफ वापरून बनवलेल्या पेटीत मात्र साहित्याची निवड, कापणी व जोडणी हे सर्व बनवणाऱ्यालाच ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात अशा घरगुती पेटीतील तावदानाचे वर्णन असून, ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांतील हवामान आणि बाजारपेठ विचारात घेतली आहे.

प्रयोजन

धूळ, ओरखडे व हाताळणी यांपासून पडद्याचे रक्षण करणे हे तावदानाचे उघड दिसणारे काम होय. खेळ रंगात आला की मुले पेटीवर ओणवी होतात, जॉयस्टिकला दिलेल्या झटक्यात हात सुटून पडद्यावर आपटतो, आपली पाळी येण्याची वाट पाहणारा एखादा नाण्याने पडद्यावर टकटक करीत राहतो. सपाट एलसीडी पडद्याचा पृष्ठभाग मऊ असल्याने त्याला एवढ्यानेही कायमची इजा होऊ शकते.

पडदा जुन्या दूरचित्रवाणी संचाचा असेल, तर तावदानाचे काम याहून गंभीर ठरते. अशा संचातील चित्रनलिका, म्हणजे पिक्चर ट्यूब, आतून निर्वात असते. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम असल्यामुळे १४ इंची नलिकेच्या केवळ दर्शनी भागावर पाचशे ते सहाशे किलोग्रॅम भार सतत पडत असतो. नलिका फुटल्यास काच प्रथम आत कोसळते आणि लगेच तिचे तुकडे बाहेर उसळतात. खेळणाऱ्याचा चेहरा त्या वेळी पडद्यापासून हातभर अंतरावर असतो.

दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काळातील संचांत नलिकेपुढे वेगळी सुरक्षा काच असे. पुढे दर्शनी काचेवर दुसरी काच चिकटवण्याची आणि नंतर नलिकेच्या कडेभोवती ताणलेला धातूचा पट्टा आवळण्याची पद्धत आली. त्यामुळे नंतरच्या संचांना स्वतंत्र काचेची गरज उरली नाही. मात्र संचाचा प्लास्टिकचा सांगाडा काढून नलिका लाकडी पेटीत बसवताना हा पट्टा सैल झाला किंवा काढून टाकला गेला, तर ते संरक्षण नाहीसे होते. पट्ट्याला कधीही हात लावू नये. गंजलेल्या किंवा तुटलेल्या पट्ट्याची नलिका पेटीत वापरू नये. कितीही जाड तावदान लावले तरी ती उणीव भरून निघत नाही.

पार्श्वभूमी

अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा खेळ १९७२ मध्ये आला आणि त्यानंतर नाण्यावर चालणाऱ्या पेट्यांचा प्रसार झाला. या पेट्यांमधील पारदर्शक थर कधीकधी चित्राचाच एक भाग असे. अटारीच्या ‘ब्रेकआउट’ (१९७६) या खेळाचा पडदा कृष्णधवल होता. विटांचे रंग त्यावर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे दिसत. जपानमधील तैतो कंपनीच्या ‘स्पेस इनव्हेडर्स’ (१९७८) या खेळातही अशाच पट्ट्यांचा उपयोग केला होता.

घरगुती पेट्यांना खरी चालना मिळाली ती जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारी ‘मेम’ ही प्रणाली १९९७ मध्ये आल्यानंतर. २०१२ पासून मिळू लागलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकामुळे हा खर्च आणखी कमी झाला. भारतात दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले आणि पुढील दोन-अडीच दशकांत चित्रनलिकेचे रंगीत संच खेडोपाडी पोहोचले. सपाट संच आल्यावर ते माळ्यावर गेले. घरगुती पेटीसाठी पहिली नजर साहजिकच अशा संचाकडे वळते.

साहित्याची निवड

खिडकीला लावतात ती साधी काच सर्वांत स्वस्त व सर्वत्र मिळणारी आहे. परंतु ती फुटल्यावर लांब, धारदार सुऱ्यांसारखे तुकडे होतात. चित्रनलिकेच्या पेटीत ती वापरणे सर्वथा अयोग्य होय. टफन केलेली काच ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवून वेगाने थंड केलेली असते. तिच्या पृष्ठभागात दाब साठून राहिल्याने ती साध्या काचेपेक्षा कितीतरी बळकट असते आणि फुटलीच तर लहान, बोथट दाण्यांत विखुरते. ही काच तयार झाल्यानंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही. तसा प्रयत्न केल्यास ती संपूर्ण फुटते. म्हणून माप आणि भोके आधी निश्चित करूनच मागणी नोंदवावी लागते.

ॲक्रिलिकमधून सुमारे ९२ टक्के प्रकाश पार होतो, म्हणजे पारदर्शकतेत ते काचेला हार जात नाही. वजनाने ते काचेच्या निम्म्याहून कमी भरते: ५०० × ४०० मिलिमीटर मापाचे ५ मिलिमीटर जाड तावदान काचेचे असल्यास अडीच किलोग्रॅम, तर ॲक्रिलिकचे असल्यास सुमारे १.२ किलोग्रॅम. घरच्या हत्यारांनी ते कापता येते. त्यावर ओरखडे लवकर उठतात; तथापि उथळ ओरखडे बारीक पॉलिश पेपर व पॉलिश वापरून घालवता येतात. जोराच्या आघाताने मात्र ते तडकते.

पॉलिकार्बोनेट आघाताला या सर्वांत चिवट आहे. ते सहसा फुटत नाही, वाकते. ओरखडे त्यावर ॲक्रिलिकपेक्षाही सहज उमटतात आणि संरक्षक लेप नसल्यास उन्हाने ते पिवळे पडते. छपरासाठी पॉलिकार्बोनेट या नावाने मिळणारी पन्हळी किंवा आतून पोकळ शीट येथे निरुपयोगी असून, सलग व सपाट शीटच मागावी लागते. दोन्ही प्लास्टिके दिसायला इतकी सारखी असतात की दुकानातही गफलत होऊ शकते. कापून उरलेली अरुंद पट्टी, डोळ्यांवर चष्मा लावून, वाकवून पाहिल्यास ॲक्रिलिक कटकन मोडते व पॉलिकार्बोनेट वाकते.

चित्रनलिकेसाठी ५ मिलिमीटरची टफन काच किंवा तेवढ्याच जाडीचे पॉलिकार्बोनेट घ्यावे. एलसीडी पडद्याला ३ मिलिमीटर ॲक्रिलिक पुरते. तेथे पॉलिकार्बोनेटचा आग्रह अनाठायी आहे.

शहापूर व मुरबाड येथील परिस्थिती

२०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके राहिले. त्यांपैकी शहापूर व मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. शहापूर मुंबई–नाशिक महामार्गावर असून त्याला आसनगाव हे रेल्वे स्थानक जवळचे आहे. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याने तेथे पोहोचता येते. काच-प्लायवूडच्या दुकानात हिरकणीने साधी काच कापून मिळणे हे तालुक्याच्या गावी नित्याचे काम आहे. टफन काच भट्टी असलेल्या कारखान्यातूनच यावी लागते. शीट मोठ्या बाजारातून आणायची झाल्यास कल्याण किंवा भिवंडी गाठावी लागते. मोठे तावदान दुचाकीवर आणण्यात धोका असल्याने काहींना ॲक्रिलिक सोयीचे वाटते, आणि ते सपाट पडद्यापुरते योग्यच आहे.

हवामानाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पावसाळ्यात या भागात धो-धो पाऊस पडतो व हवा चार महिने दमट राहते. एप्रिल–मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो, पत्र्याच्या छपराखाली त्याहूनही वर. ॲक्रिलिक व पॉलिकार्बोनेट यांचे उष्णतेने होणारे प्रसरण काचेच्या सात-आठ पट असते. हिवाळ्यातील पहाट आणि उन्हाळ्यातील दुपार यांच्या तापमानात ३० अंशांचा फरक धरला, तर ५०० मिलिमीटर रुंदीचे ॲक्रिलिक सुमारे १ मिलिमीटरने वाढते. तितकीच काच जेमतेम ०.१३ मिलिमीटरने वाढते. दमट हवेत ॲक्रिलिक थोडे पाणीही शोषते. एमडीएफच्या उघड्या कडा पावसाळ्यात फुगतात, हा वेगळाच ताप. याचा अर्थ असा की चारही बाजूंनी स्क्रूने घट्ट आवळलेले ॲक्रिलिक पहिल्याच उन्हाळ्यात बाक धरते किंवा स्क्रूच्या भोकापासून तडकते. दोष मालाला दिला जातो. तो बहुधा जोडणीचा असतो.

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. गुरांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. अशा उघड्या, धुळीच्या जागी पेटी मांडायची असल्यास तावदान सहज काढून पुसता येईल असे असणे आवश्यक ठरते.

मापन व कापणी

माप नेहमी पूर्ण झालेल्या, रंग वाळलेल्या पेटीचे घ्यावे. रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी मोजून सर्वांत कमी आकडा धरतात आणि प्लास्टिकच्या तावदानासाठी दोन्ही बाजूंना प्रत्येकी २ मिलिमीटर जागा सोडतात. कोपरे गुण्याने तपासावेत. घरगुती पेटी क्वचितच काटकोनात असते.

शीटवरील संरक्षक कागद काम पूर्ण होईपर्यंत काढू नये. शीट उन्हात ठेवल्यास तो कागद चिकटून बसतो व नंतर सोलताना हैराण करतो. ३–४ मिलिमीटरपर्यंतचे ॲक्रिलिक आकडीच्या चाकूने एकाच रेषेवर अनेकदा कोरून, ती रेषा टेबलाच्या कडेवर ठेवून मोडता येते. पॉलिकार्बोनेट असे मोडत नाही. त्यासाठी बारीक दातांची करवत लागते. करवत वेगाने चालवल्यास दोन्ही प्लास्टिके तापून पात्याला चिकटतात. कडा कानशीने व नंतर पॉलिश पेपरने गुळगुळीत कराव्यात. कडेवर राहिलेला बारीक खाचा हाच पुढे तड्याचा उगम असतो.

बसवण्याची रीत

सर्वांत भरवशाची रीत सुतारांना दुकानातील शोकेसच्या सरकत्या काचांमुळे परिचित आहे. चौकटीच्या वरच्या रिपेत खोल व खालच्या रिपेत उथळ खोबण पाडतात. तावदान प्रथम वरच्या खोबणीत पूर्ण चढवून, मग खालच्या खोबणीत उतरवले जाते. उदाहरणार्थ, दोन रिपांमधील मोकळी उंची ४०० मिलिमीटर, वरची खोबण १२ व खालची ६ मिलिमीटर खोल असल्यास तावदानाची उंची ४१० मिलिमीटर ठेवतात. बसल्यावर ते खाली ६ व वर ४ मिलिमीटर आत राहते आणि वाढण्यासाठी वर ८ मिलिमीटर जागा उरते. ५ मिलिमीटर जाडीच्या तावदानाला ६ ते ७ मिलिमीटर रुंद खोबण हवी; त्यात फेल्टची पातळ पट्टी घातल्यास खडखड थांबते.

या रीतीत तावदान वर उचलले की निघते. चित्रनलिकेच्या पेटीत हे चालणार नाही. तेथे वरच्या खोबणीतील मोकळ्या जागेत, प्रसरणापुरते २ मिलिमीटर सोडून, एक लाकडी ठोकळा आतल्या बाजूने स्क्रूने बसवतात. पेटीचे मागील दार उघडल्याशिवाय मग तावदान निघत नाही.

स्क्रूच वापरायचे असतील, तर प्लास्टिकमधील भोक स्क्रूच्या जाडीपेक्षा २ मिलिमीटरने मोठे असावे, स्क्रूचे डोके सपाट बुडाचे असावे आणि खाली रबरी वॉशर घालावा. शंकूसारख्या डोक्याचा स्क्रू पाचरीसारखे काम करून शीट फाडतो. दुहेरी चिकटपट्टीवर तावदान टांगून ठेवणे सोपे दिसते, पण उन्हाळ्यात तिचा गोंद ढिला होतो.

तावदान व एलसीडी पडदा यांत ३ ते ५ मिलिमीटर अंतर ठेवतात. दोन्ही एकमेकांना टेकल्यास रंगीत वलये दिसतात व बोटाचा दाब थेट पडद्यावर जातो. अंतर फार वाढवल्यास चित्र खोल विहिरीत दिसल्यासारखे वाटते. पडद्याभोवतीची मोकळी जागा झाकण्यासाठी काळा पुठ्ठा कापून तावदानामागे लावतात. तावदानाची वरची कड खेळणाऱ्याच्या दिशेने किंचित झुकवल्यास छतावरील ट्यूबलाइटचे प्रतिबिंब डोळ्यांत येत नाही.

तावदानामुळे पेटीची पुढील बाजू बंद होत असल्याने उष्णतेला वाट हवी. मागे खाली हवा येण्यासाठी व वर जाण्यासाठी झरोके ठेवून त्यांना बारीक जाळी लावतात. ग्रामीण घरांत पाली व उंदीर ऊबदार पेटीत हमखास शिरतात.

चित्रनलिकेसंबंधी सावधगिरी

रंगीत चित्रनलिकेला २० ते २५ हजार व्होल्टचा दाब दिला जातो आणि संच बंद करून प्लग काढल्यावरही काही काळ त्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो. म्हणून तावदान बसवण्यासाठी संच उघडा करावा लागत असेल, तर ते काम दूरचित्रवाणी दुरुस्तीच्या जाणकाराकडूनच करून घ्यावे. नलिका मानेला धरून उचलू नये, कारण तिचा सर्वांत नाजूक भाग तोच. नलिकेच्या काचेत शिसे असते. निकामी नलिका फोडणे किंवा भंगारात मोकळी टाकणे अपायकारक असून ती ई-कचरा म्हणून द्यावी लागते.

निगा

ॲक्रिलिक व पॉलिकार्बोनेट कोरड्या फडक्याने पुसू नये. धुळीचे कण घासले जाऊन ओरखडे पडतात, आणि घर्षणाने स्थिर विद्युत निर्माण होऊन धूळ अधिकच ओढली जाते. साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवून पिळलेले सुती फडके पुरेसे असते. पाणी तावदानावर शिंपडू नये, कारण ते खालच्या खोबणीतून आत उतरते. काच पुसण्याची अमोनियायुक्त द्रवे, थिनर, पेट्रोल व स्पिरिट यांनी या प्लास्टिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात व त्या पुन्हा जात नाहीत. टफन काचेला हे बंधन नाही. तिची कड मात्र ठोकर लागण्यापासून जपावी लागते, कारण दर्शनी भागावर टिकणारी काच कडेवरच्या लहानशा आघाताने फुटू शकते.

पावसाळा संपल्यावर तावदान काढून खोबणीतील माती काढतात, एमडीएफच्या कडा फुगल्या आहेत का ते पाहतात आणि तावदान खोबणीत बोटाने हलते याची खात्री करून ते परत बसवतात.