हुंडी, मुनीम आणि ओटीपी : शंका घेण्याचे काम कोणाचे?

१/
सतराव्या शतकात भारतात फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सुरतेवरील हुंड्यांचे दर टिपून ठेवले आहेत. लाहोरास रक्कम उचलून ती सुरतेस फेडायची असेल, तर शेकडा सव्वासहा. अहमदाबादहून एक ते दीड. दर चढे का, याचे कारणही तो देतो : माल वाटेत लुटला गेला, तर पैसे देणाऱ्याची रक्कम बुडण्याचा धोका असे. या आकाराला मराठीत ‘हुंडणावळ’ असा नेमका शब्द आहे. अंतर, मुदत आणि जोखीम, तिन्हींची किंमत त्या एका शब्दात येते.

२/
आज मोबाइलवरून क्षणात पैसे जातात आणि हुंडणावळ बहुधा शून्य असते. मग जोखीम कुठे गेली? आजच्या धाग्यात तिचाच माग काढू.

३/
प्रथम हुंडीचा कागद पाहू. हुंडीत रक्कम एकदा लिहून भागत नसे. रुपये एक हजार, त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरी देणे, अशा धर्तीवर तीच रक्कम फिरवून फिरवून लिहीत. कोणी एका शून्याची भर घातली, तरी ‘निमे’ जुळत नसे. चेकवर आपण अंकी आणि अक्षरी रक्कम लिहितो ती याच जातीची खबरदारी. हुंडी तिच्याही एक पाऊल पुढे होती.

४/
कागद वाटेत हरवला तर? तर दुसरी प्रत मिळे, तिला ‘पैठ’ म्हणत. तीही गहाळ झाली तर ‘परपैठ’. मूळ हुंडी सकारली गेली असल्यास ही प्रत रद्द समजावी, असे पैठेतच लिहिलेले असे. त्यामुळे एकाच रकमेचे पैसे दोनदा उचलता येत नसत. पैसे चुकते झालेली हुंडी ‘खोखा’ होऊन पेढीत जमा राही.

५/
तरीही हुंडीचे खरे कुलूप कागदात नव्हते. ‘शाहजोग’ हुंडीचे उदाहरण घ्या. ती कोणाच्याही हाती असो, पैसे मिळत ते ‘शहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच. पुढे हुंडी बनावट किंवा चोरीची निघाली, तर त्या शहाने रक्कम व्याजासह परत करायची, नाहीतर ज्याच्याकडून ती घेतली त्याला हजर करायचे. पेढीवरचा मुनीम कागद उजेडात धरून पाही हे खरे. पण त्याहून अधिक तो समोरच्या माणसाला निरखी.

६/
पेशवाईत उत्तरेतील वसुलीच्या रकमा पुण्याकडे येत, त्याही पुष्कळदा हुंड्यांनी. १८८१ साली इंग्रजांनी चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतील दस्तऐवजांचे स्थानिक रिवाज त्यांनी पहिल्याच कलमात अबाधित ठेवले. माझ्या मते हुंडीला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळालेले नाही.

७/
एक गमतीचे विषयांतर. उत्तरेकडील महाजनी लिपीत काना-मात्रा गाळत, त्यामुळे परक्याला पत्र वाचणे कठीण जाई. पण कधी आपल्यालाही! ‘काका अजमेर गये’ हे वाक्य घरच्यांनी ‘काका आज मर गये’ असे वाचले आणि रडारड सुरू झाली, हा विनोद तिथलाच.

८/
तारायंत्र आले (भारतात ते १८५५ पासून सर्वांना खुले झाले) आणि माणूस समोरून नाहीसा झाला. अमुक इतके पैसे द्या, अशी तार तर कोणीही करील. म्हणून बँकांनी गुप्त खुणेचे आकडे ठरवले. तारीख, रक्कम इत्यादींवरून एक संख्या काढून ती तारेत घालायची. पलीकडच्या कारकुनाने स्वतः हिशेब करून ती ताडून पाहायची. जुळली नाही, तर पैसे थांबले. तुमच्या ओटीपीचा हा पणजोबा. फरक इतकाच की ती संख्या बँकेचे दोन कारकून आपापसांत ताडत. खातेदाराला तिचा पत्ताही नसे.

९/
१ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहाराला आणखी एक पडताळणी रिझर्व्ह बँकेने सक्तीची केली. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले. या सात वर्षांत एक मोठा बदल फारसा गाजावाजा न होता घडला : शंका घेण्याचे काम मुनिमाकडून खातेदाराकडे आले. हुंडी लिहिणारा आणि ती सकारण्यापूर्वी पारखणारा, दोघेही आता एकाच खुर्चीत बसतात.

१०/
भामट्याने हे बरोबर ओळखले आहे. तो कागद खोटा करीत बसत नाही, स्वतःच शहा बनून फोन करतो : बँकेतून बोलतोय, पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुमचे पैसे परत द्यायचे आहेत. वास्तविक यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. ‘पैसे मिळण्यासाठी पिन टाका’ म्हणणारा माणूस तुमच्याकडून तुमचीच हुंडी सकारून घेत असतो. त्याची घाईही अर्थपूर्ण आहे, कारण मुनिमाला निरखायला वेळ लागे. फोन ठेवून बँकेच्या छापील क्रमांकावर आपण स्वतः फोन लावला, तर तो वेळ आपल्यालाही मिळतो.

११/
पारख करणारे यंत्रच बनावट असले तर काय होते, हे पुण्याने ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिले. कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसखोरांनी खोटा मध्यस्थ सर्व्हर उभा केला. एटीएममधून आलेल्या मागण्यांना बँकेऐवजी तोच होकार देत गेला. दोन दिवसांच्या व्यवहारांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यांतले बरेचसे २८ देशांतील एटीएममधून. यात खातेदाराची चूक कोणती?

१२/
‘शहा’ची जबाबदारी आज कोणावर, याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने दिले. चूक बँकेची असेल, तर भुर्दंड खातेदाराला नाही. चूक दोघांचीही नसून तिऱ्हाइताची असेल आणि खातेदाराने बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तरीही नाही. मात्र त्याने स्वतःच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून फसवणूक ध्यानी येताच आधी बँक, लगोलग १९३० हा क्रमांक. पैसा भामट्याच्या एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्यापूर्वी गोठवता आला, तरच परत मिळण्याची आशा असते. हरवल्या हुंडीची पैठ मागायला व्यापाऱ्याच्या हाती काही दिवस असत. इथे हिशेब मिनिटांचा आहे.