सुताराचा फर्मा

भोरजवळच्या उत्रोलीचे नाव इतिहासाच्या वाचकास परिचित आहे ते खोपडे देशमुखांमुळे. १६५९ साली अफझलखानाची स्वारी चालून आली असता रोहिडखोऱ्यातील कारीचे कान्होजी जेधे शिवाजीमहाराजांच्या पक्षास निष्ठेने राहिले, उत्रोलीचे खंडोजी खोपडे मात्र खानास जाऊन मिळाले आणि पुढे त्या फितुरीपायी उजवा हात व डावा पाय गमावून बसले, ही कथा बहुश्रुतच आहे. देशमुखी, पाटिलकी, इनामे आणि त्यांवरचे कज्जे यांनी मराठी दफ्तरे तुडुंब भरली आहेत. सुतार त्यांत दिसतो तो महजराच्या, म्हणजे निवाड्याच्या कागदाच्या, अखेरीस, गोतातील एक साक्षीदार म्हणून. कुणब्याच्या नावापुढे जशी नांगराची निशाणी, तशी त्याच्या नावापुढे त्याच्या हत्याराची. परंतु ज्या साधनावर त्याच्या कसबाची खरी भिस्त होती, ते लाकूड तासण्याचे वाकस नव्हे आणि पटाशीही नव्हे. ती होती त्याने स्वतःच घडविलेली, कोणत्याही कागदात न नोंदलेली एक लाकडी फळी, म्हणजे फर्मा.

बैलगाडीचे चाक घ्या. बारा आऱ्यांच्या चाकास पुठ्ठे सहा लागतात, आणि वर्तुळाच्या त्रिज्येइतके अंतर परिघावर सहा वेळा मोजले असता परिघ बरोबर पुरा होतो, हे भूमितीचे प्रमेय न शिकताही सुतारास अवगत असे. परिघाच्या त्या षष्ठांशाच्या आकाराची एक पातळ फळी तो एकदाच, मन लावून, तासून ठेवी. मग बाभळीच्या प्रत्येक ओंडक्यावर ती धरून रेघ ओढावयाची आणि वाकसाने उतरवावयाचे. गजाचे चोवीस तसू त्याला ठाऊक नव्हते असे नाही. पण दर वेळी मोजावे तर दर वेळी चुकण्यास जागा, म्हणून मोजणी एकदा करून ती लाकडातच कायम करावी, असा हा सारा व्यवहार. तिफणीच्या दिंडास पाडावयाच्या तीन भोकांचे अंतरही असेच एका पट्टीवर खुणांनी धरलेले असे. ते अंतर चुकले तर पेरणीच्या ओळी विषम पडत आणि पुढे दोन ओळींमधून चालणाऱ्या कोळप्याची पास तण सोडून उभे पीकच कापीत जाई. म्हणजे सुताराची बोटभर चूक कुणब्यास खरीपभर पुरे!

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ सालच्या ‘गावगाड्या’त बलुत्याचा सविस्तर विचार केला आहे. सुतार थोरल्या ओळीचा बलुतेदार. त्याची मजुरी नगावर नव्हे, तर खळ्यावरच्या धान्यात. १९४८ साली भोर संस्थान विलीन झाले, १९५८ पासून मीटर आला, हवेच्या टायरांची गाडी रूढ झाली, आणि फर्मे माळ्यावर गेले.

त्यामागील युक्ती मात्र गेली नाही. आजचा सुतार राऊटरचे यंत्र टेबलाखाली उलटे बसवितो, फिरते पाते फळीच्या भोकातून वर काढतो आणि प्लायवूडच्या तुकड्यांचा घरगुती फर्मा करून त्यावर लाकूड घट्ट आवळतो. पात्यावरचे बेअरिंग फर्म्याच्या कडेस घासत जाते आणि पाते तितकेच लाकूड खाते. लाकूड सरकवावयाचे ते पात्याच्या फिरण्याच्या उलट दिशेने, अन्यथा यंत्र ते हातातून हिसकावून घेते. म्हणून फर्म्यास दोन मुठी हव्यातच. फर्म्याच्या कडेला एक गाठ राहिली तरी ती प्रत्येक नगात जशीच्या तशी उतरते. वाकस चालविणारा हात अशी गाठ पाहून सांभाळून घेई. यंत्रास तो विवेक नाही, आणि म्हणूनच माझ्या मते आज फर्मा करण्यास पूर्वीपेक्षा अधिक कसब लागते.

पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने महजर आणि सनदा जतन केल्या, हे मोठेच काम झाले. भोर-वेल्ह्याच्या ज्या घरांत आजोबांचा असा एखादा फर्मा अजून पडून असेल, त्यांनी तो चुलीत घालण्यापूर्वी निदान कागदावर ठेवून त्याची कड उतरून घ्यावी, आणि तो कशाचा होता ते बाजूस लिहून ठेवावे.