हॅरिस ढालीचा एक हंगाम

मुंबईच्या ज्या गव्हर्नराचें नांव आजहि शाळकरी मुलांच्या तोंडीं खेळतें, त्याची राज्यकर्ता म्हणून कीर्ति फारशी गौरवाची नाहीं. लॉर्ड हॅरिस हे १८९० पासून १८९५ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यापूर्वीं ते इंग्लंडच्या क्रिकेट-संघाचे कर्णधार होऊन गेले होते, आणि राज्यकारभारापेक्षां क्रिकेटकडेच साहेबांचें लक्ष अधिक, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जाई. १८९३ सालीं मुंबईंत भयंकर दंगल उसळली तेव्हां ते पुण्यास होते, आणि राजधानींत परत येण्यास त्यांनीं बरेच दिवस लावले, ही गोष्ट लोक विसरले नाहींत. परंतु त्यांच्या नांवाची जी ढाल मुंबईच्या शाळांना जिंकण्यासाठीं मिळाली, ती गव्हर्नरसाहेबांच्या साऱ्या कारभाराहून अधिक काळ टिकली.

ढालीचे सामने ज्या मैदानांवर होतात त्यांपैकीं आझाद मैदान हें मुख्य. हा जुन्या एस्प्लनेडचा तुकडा. १८८० नंतरच्या दशकांत याच भूमीवर गोऱ्या साहेबांच्या पोलोच्या घोड्यांनीं एतद्देशीय खेळाडूंचें मैदान टापांनीं उकरून टाकलें, आणि त्यावरून अर्जविनंत्यांचा मोठा झगडा झाला. त्याची हकीकत शापुरजी सोराबजी या पार्शी गृहस्थानें १८९७ सालीं पुस्तकरूपानें नोंदून ठेवली आहे. पुढें घोडे गेले आणि मुलें आलीं. आज तेथें खेळपट्ट्यांची एवढी दाटी आहे कीं, एका सामन्यांतील क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यांतील पंचाच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. नवख्या माणसास कोणता चेंडू कोणत्या डावांतला, हेंच उमजत नाहीं; मुलांना मात्र तें बिनचूक समजतें.

हॅरिस ढाल मोठ्या विद्यार्थ्यांची, आणि जाइल्स ढाल त्यांच्याहून धाकट्यांची. या स्पर्धांचें वैशिष्ट्य असें कीं, पंधरा वर्षांच्या मुलासहि येथें दोन दोन, तीन तीन दिवसांचा सामना खेळावा लागे. दिवसभर उन्हांत उभें राहाणें, रात्रीं घरीं जाऊन दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच धावसंख्येवर डाव सुरू करणें, हें शिक्षण थोर माणसांनाहि जड जातें. मुंबईचा फलंदाज सहजासहजीं बाद होत नाहीं अशी जी ख्याति झाली, तिचें मूळ बहुतांशीं या शाळकरी सामन्यांतच शोधलें पाहिजे.

या ढालीच्या शंभरांवर हंगामांपैकीं १९८८ चा हंगाम लोकांच्या विशेष स्मरणांत आहे. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराचा संघ त्या वर्षीं प्रबळ होता. त्याचे गुरु रमाकांत आचरेकर. आचरेकरांच्या स्वतःच्या नांवावर प्रथम दर्जाचा अवघा एक सामना. परंतु शिवाजी पार्कवर त्यांनीं घडविलेल्या शिष्यांची यादी पाहिली म्हणजे गुरूची योग्यता त्याच्या स्वतःच्या धावांवरून मोजूं नये हें पटतें. यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवावयाचें आणि दिवसअखेर नाबाद राहील त्यानें तें न्यावयाचें, ही त्यांची रीत सर्वश्रुत आहे.

फेब्रुवारीच्या २३ तारखेस आझाद मैदानावर शारदाश्रमाचा उपांत्य सामना फोर्टमधील सेंट झेवियर्स हायस्कूलशीं सुरू झाला. २ बाद ८४ वर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी एकत्र आले. एकाचें वय पंधराला दोन महिने कमी, दुसऱ्यानें नुकतीच सोळा वर्षें पुरीं केलेलीं. पहिल्या दिवसाचा खेळ संपला तरी जोडी फुटली नाहीं. आचरेकर मैदानावर नव्हते. त्यांचे साहाय्यक लक्ष्मण चव्हाण डाव सोडण्याच्या खुणा करीत राहिले, आणि हीं दोन पोरें त्यांच्याकडे पाहावयाचेंच टाळूं लागलीं! दुसऱ्या दिवशीं जेवणाच्या सुट्टींत गुरुजींना टेलिफोन झाला व आज्ञा सुटली: डाव सोडा. कांबळी तेव्हां ३४९ वर होता. एका धावेसाठीं त्यानें केलेली विनवणी फुकट गेली. २ बाद ७४८. तेंडुलकर नाबाद ३२६. दोघांची अभंग भागी ६६४ धावांची. ऑस्ट्रेलियांत १९१३-१४ च्या हंगामांत झालेला ६४१ धावांचा जुना जागतिक विक्रम मागें पडला. नंतर कांबळीनें चेंडू हातीं घेऊन ३७ धावांत ६ बळी मिळविले आणि झेवियर्सचा डाव १४५ वर आटोपला.

येथवरची कथा घरोघर पाठ आहे. परंतु त्या दोन दिवसांत मैदानावर आणखी कांहीं मुलें होतीं. झेवियर्सकडून साईराज बहुतुले नांवाचा फिरकी गोलंदाज अखंड चेंडू टाकीत होता. १८२ धावा गेल्या, बळी एकहि नाहीं. मुलाचें मन मोडावयास एवढें पुरेसें होतें. तें मोडलें नाहीं, आणि पुढें त्यानें भारतातर्फे कसोटी सामने खेळले. शारदाश्रमाच्या बाजूस अमोल मुजुमदार पायांना पॅड बांधून पुढच्या फलंदाजाच्या जागीं बसून होता. त्याची पाळी आलीच नाहीं. पुढें प्रथम दर्जाच्या पहिल्याच सामन्यांत त्यानें हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या, कारकीर्दींत अकरा हजारांवर धावा केल्या, आणि तरीहि भारताच्या संघांत त्याला स्थान मिळालें नाहीं. पाळीची वाट पाहाणें हें जणूं त्याच्या कुंडलींतच लिहिलेलें होतें. २ नोव्हेंबर १९२५ नव्हे, २०२५ रोजीं, म्हणजे जवळ जवळ अडतीस वर्षांनीं, भारताच्या महिलांनीं नवी मुंबईंत विश्वचषक जिंकला तेव्हां त्यांचा शिक्षक म्हणून तो मैदानाच्या कडेला उभा होता.

अंतिम सामन्यांत तेंडुलकरनें अंजुमन-इ-इस्लाम शाळेविरुद्ध नाबाद ३४६ धावा केल्या. त्याच्या लागोपाठच्या तीन डावांची बेरीज आठशेंवर जाते, आणि तीनहि वेळां तो नाबाद! अशा आंकड्यांनीं वर्तमानपत्रांचीं पानें सजतात खरीं. पण मुलांच्या स्पर्धेंत बलाढ्य आणि दुबळे यांची अशी गांठ घालून देणें कितपत न्यायाचें, हा प्रश्न त्यामुळें मिटत नाहीं. तो जुनाच आहे. इंग्लंडांत क्लिफ्टन कॉलेजांत १८९९ च्या जूनमध्यें ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या पोरानें नाबाद ६२८ धावा काढल्या. हा मुलगा जन्मानें आपल्याकडचा, हजारीबागचा. प्रतिपक्षाचे दोन डाव मिळून १४८ धावा झाल्या! कॉलिन्स पुढें सैन्यांत गेला आणि १९१४ सालीं महायुद्धांत पडला. त्याचा विक्रम मात्र ११६ वर्षें उभा होता. २०१६ च्या जानेवारींत कल्याणच्या प्रणव धनावडेनें शाळेच्या सामन्यांत नाबाद १००९ धावा करून तो मोडला. त्या प्रत्येक डावांत चेंडू आणण्यासाठीं सीमेकडे धांवणाऱ्या मुलांचीं नांवें कोणाच्याहि लक्षांत नाहींत.

आणि ज्यांना चेंडू आणावयासहि अशा मैदानावर बोलावणें नव्हतें, त्यांचें काय? यवतमाळपासून आझाद मैदान साडेसहाशें किलोमीटरांहून दूर. वऱ्हाडचा कापूस मुंबईस पोंचविण्यासाठीं इंग्रजी अमदानींत यवतमाळहून मूर्तिजापुरापर्यंत अरुंद मापाची आगगाडी घातली गेली. ‘शकुंतला’ म्हणून लोक तिला अजून प्रेमानें आठवतात. या प्रदेशानें मुंबईच्या गिरण्यांना कापूस पुरविला, गिरण्यांनीं मुंबईस धन दिलें. पण मुंबईची ती ढाल मुंबईच्याच शाळांची राहिली. विदर्भाचा संघ रणजी करंडकासाठीं १९५७-५८ पासून खेळूं लागला, आणि कित्येक वर्षें दुबळ्या संघांतच त्याची गणना होई. कोळसा-खाणींतील कामगाराचा मुलगा उमेश यादव १९११ नव्हे, २०११ सालीं कसोटी खेळला. तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास प्रथम चामड्याचा चेंडू हातांत धरणारा. त्या वयांत मुंबईच्या मुलाच्या गांठीं ढालीचे अनेक हंगाम जमा झालेले असतात. बुद्धि आणि बळ यांची वांटणी परमेश्वरानें जिल्हे पाहून केलेली नाहीं. मैदानांची वांटणी मात्र माणसांनीं तशी केली.

२०१७ सालीं विदर्भानें शिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित यांस बोलाविलें. पंडित हेहि आचरेकरांचेच शिष्य, आणि शिस्तीच्या बाबतींत गुरूहून तसूभरहि सौम्य नव्हेत. संघांत वासिम जाफर होता. १९८८ च्या अंतिम सामन्यांत ज्या अंजुमन शाळेनें तेंडुलकरच्या ३४६ धावा सोसल्या, तिचाच हा माजी विद्यार्थी. पंधराव्या वर्षीं शाळेसाठीं नाबाद ४०० धावा करून तो प्रथम प्रसिद्धीस आला होता. इंदूर येथें दिल्लीविरुद्ध अंतिम सामना झाला. नागपूरच्या रजनीश गुरबानीनें लागोपाठ तीन बळी घेतले, अक्षय वाडकरनें शतक झळकाविलें, आणि १ जानेवारी २०१८ रोजीं विदर्भानें प्रथमच रणजी करंडक जिंकला. विजयासाठीं अवघ्या २९ धावा हव्या होत्या. त्या पुऱ्या झाल्या तेव्हां खेळपट्टीवर वासिम जाफर नाबाद उभा होता.